चूक की घसारा?

जमाखर्चाच्या शास्त्रात माणसाच्या दोन दुःखांना दोन वेगळी खाती दिलेली आहेत. एक चूक आणि दुसरे घसारा. चूक म्हणजे जे व्हायला नको होते ते, आणि घसारा म्हणजे जे झाल्यावाचून राहत नाही ते. चूक सापडली की दुरुस्तीची नोंद घालायची. घसाऱ्याला दुरुस्ती नाही. तो दर वर्षी ३१ मार्चला मुकाट्याने नफातोटा पत्रकात ढकलायचा. चुकीबद्दल मेमो मिळतो. घसाऱ्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. आमच्या शाखेतली कॅशियरची खुर्ची गेली कित्येक वर्षे निव्वळ घसाऱ्यावर उभी आहे, आणि तिच्यावर बसणारा मीही.

कॉमर्सच्या पदवीने मला दुसरे काही दिले नसेल, पण एवढा भेद मात्र पक्का शिकवला. तो पुढे उपयोगी पडला तो भलत्याच ठिकाणी: नाण्यांच्या बाबतीत. आणि तिथे पाहतो तो सगळा जमाखर्च उलटा! नाण्यांच्या जगात चुकीला भाव आहे आणि घसाऱ्याला नाही. टांकसाळीच्या हातून बिघडलेले नाणे शौकीन माणूस दर्शनी किमतीच्या कितीतरी पट देऊन घेऊन जाईल, आणि तीस वर्षे इमानेइतबारे बाजारात हिंडून झिजलेल्या दोन रुपयांच्या नाण्याचे मात्र दोनच रुपये. हे मी आमच्या हेडकॅशियरांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "यात नवीन काय? आपल्याकडे बढत्या अशाच होतात."

मी बँकेत रोख रकमेच्या खिडकीवर बसतो. पूर्वी लोक तिथे नाणी ओतायला यायचे. देवळाच्या दानपेटीतली, पानपट्टीच्या गल्ल्यातली, पोरांनी फोडलेल्या भिशीच्या डब्यातली. शंभर-शंभर नाण्यांच्या पिशव्या करून आणाव्यात अशी सूचना आहे. पण आपल्याकडे शंभर हा आकडा मोजून नव्हे, अंदाजाने गाठायचा असतो. ते असो. हल्ली मात्र लोक नाणी भरायला कमी आणि दाखवायला जास्त आणतात. मोबाइलवर कोणी एक उत्साही तरुण छाती ठोकून सांगत असतो की, तुमच्या घरात पडलेले अमुक नाणे तुम्हाला लखपती करील. रविवारी रात्री तो हे सांगतो आणि सोमवारी सकाळी दहाच्या ठोक्याला होऊ घातलेल्या लखपतींची रांग माझ्या खिडकीपाशी लागते.

या मंडळींचे मी तीन वर्ग पाडले आहेत. पहिला वर्ग रेघा मोजणाऱ्यांचा. दहा रुपयांच्या काही नाण्यांवर पंधरा रेघा आहेत आणि काहींवर दहा. २०११ साली नाण्यांवर रुपयाचे नवे चिन्ह आले आणि नक्षी बदलली, इतकाच त्याचा अर्थ. पण ज्याच्याकडे दहा रेघांचे नाणे असते त्याला पंधरांचे खोटे वाटते, आणि पंधरावाल्याला दहाचे. दोघेही आपापले नाणे रिक्षावाल्याला देऊ पाहतात आणि रिक्षावाल्याला दोन्ही खोटी वाटतात. शेवटी रिझर्व्ह बँकेने १७ जानेवारी २०१८ रोजी पत्रक काढून सांगितले की, तोवर निघालेल्या चौदाच्या चौदा नक्ष्यांची दहाची नाणी चालतात. तरीही आमच्या कोपऱ्यावरचा चहावाला रेघा मोजल्याशिवाय कटिंग देत नाही.

दुसरा वर्ग चिन्ह हरवलेल्यांचा. नाण्यावर सालाच्या खाली बारीकशी खूण असते. मुंबईच्या टांकसाळीची पत्त्यांतल्या चौकटसारखी, हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका. आणि कोलकात्याची? कोलकात्याची काहीच नाही. जुन्या घरंदाज माणसाने दारावर पाटी लावू नये तशी ती टांकसाळ आपल्या नाण्यावर सहसा खूण करत नाही. पण आपल्या नाण्यावर खूण नाही हे ज्याला कळते, त्याला वाटते की टांकसाळ विसरली आणि आपण तरलो. अशा माणसाला "हे नाणे कोलकात्याचे आहे," असे सांगितले की तो माझ्याकडे, मीच त्याचे पाच लाख कोलकात्याला पाठवून दिल्यासारखा पाहतो.

तिसरा वर्ग सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत अवघड. त्यांच्या नाण्यावरचे काहीतरी खरोखरच गेलेले असते. कुणाचा सिंह गेलेला, कुणाचे साल गेलेले, कुणाची कड गेलेली. ते चुकून आलेच नाही, की होते आणि झिजून गेले? 'नाही हो, हे साधंच आहे' असे सांगायचे तर ते का साधे आहे, हे आपल्याला ठाऊक हवे. हेडकॅशियरांचे मत वेगळे होते. "नाणं खरं की खोटं एवढं बघा," ते म्हणाले. "चुकलेलं की झिजलेलं हे बघायला बँक पगार देत नाही." ते खरेच होते. म्हणून मी ते रविवारी शिकायचे ठरवले.

पुण्याच्या जुन्या बाजारात मला गुरू भेटले. एका बाजूला गंजलेली कुलुपे, दुसऱ्या बाजूला एकेकटे बूट, आणि मधे मखमलीच्या तुकड्यावर नाणी मांडून बसलेले एक वृद्ध गृहस्थ. पिंपरीकडच्या एका कारखान्यात प्रेसशॉपमध्ये त्यांचा जन्म गेलेला. डाय बसवायची, पत्रा सरकवायचा, पंच मारायचा. मी त्यांना फिटरकाका म्हणू लागलो. त्यांच्या दृष्टीने भारत सरकारची टांकसाळ म्हणजे एक मोठे प्रेसशॉप. फरक इतकाच की, तिथला माल बाहेर नेला तर वॉचमन जास्त जोरात ओरडतो.

"साहेब, नाणं म्हणजे काय?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारले.

मी कॉमर्सचा पदवीधर. म्हणालो, "विनिमयाचं माध्यम."

"ते तुमच्या पुस्तकात. नाणं म्हणजे दोन डायच्या मधे सापडलेली चकती."

मग त्यांनी सगळी प्रक्रिया सांगितली. धातूची लांब पट्टी घ्यायची. तिच्यातून गोल चकत्या कापायच्या. चकत्यांच्या कडा दाबून थोड्या उचलून घ्यायच्या. चकत्या तापवून मऊ करायच्या, धुवायच्या. मग खाली एक ठसा, वर एक ठसा, भोवती पोलादी कडे, आणि चकती मधे ठेवून एक जबरदस्त दणका. झाले नाणे!

घरी येऊन मी हे मोठ्या गांभीर्याने सौ.ला सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे पुऱ्याच की! मोठी पोळी लाटायची, वाटीने गोल पाडायचे, उरलेली जाळी परत मळायची. पुढचं ते मोदकाच्या साच्यासारखं." सरकारी टांकसाळीचे सारे रहस्य तिने अशा रीतीने दोन भांड्यांत उलगडले. पण खरे सांगतो, पुढे मला जे काही समजले ते या वाटीमुळे आणि साच्यामुळेच.

काकांचे सूत्र तीन शब्दांचे होते: चकती, ठसा, ठोका. "नाण्याची चूक या तीनच ठिकाणी होते. चौथ्या ठिकाणी काही झालं तर ती चूक नव्हे, तो अपघात." टांकसाळीच्या दाराबाहेर नाण्याचे जे काही होते, रस्त्यावर चाकाखाली जाणे, गॅसवर तापणे, पोराने ते खिळ्याने कोरणे, सोनाराने त्याला मुलामा देणे, त्या सगळ्याला नाणेबाजारात काडीची किंमत नाही. चूक जन्माचीच हवी. नंतर माणूस कितीही बिघडला तरी त्याला दुर्मिळ म्हणत नाहीत.

आता चकतीचे पाहा. वाटीने पुरी पाडताना वाटी आधीच्या भोकावर सरकली तर पुरीला चंद्रकोरीसारखा घास पडतो. टांकसाळीतही तसेच होते. पण मग कोणी कानशीने चंद्रकोर काढली तर? काकांनी माझ्या हातात भिंग दिले आणि म्हणाले, "घास पडलाय तिकडे बघू नका. त्याच्या बरोब्बर समोर बघा." समोरची कड फिकी होती, दबलेली, जवळजवळ नाहीशीच. याचे कारण असे की, कडा उचलताना चकती समोरासमोरून दाबली जाते. एका बाजूला धातूच नसेल तर दुसऱ्या बाजूला दाब बसणार कसा? कानशीने कापलेल्या नाण्याच्या समोरच्या कडेला मात्र या दुर्घटनेची गंधवार्ताही नसते. ती ठणठणीत. "खरं नुकसान झालेलं असलं," काका म्हणाले, "की ते समोरच्याच्या तोंडावर दिसतं." हे वाक्य मी कर्जविभागातल्या मित्राला सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही.

ठशाचे शास्त्र मोदकाच्या साच्याचे. साच्याला चीर गेली तर त्या चिरेत पीठ शिरते आणि मोदकावर उभी रेघ उमटते. तशीच ठशाला तडा गेला की नाण्यावर उंच उठलेली रेघ येते. म्हणून ढोबळ नियम असा: रेघ उठलेली असेल तर टांकसाळीची, कोरलेली असेल तर जगाची. उंचवटे जन्माचे, ओरखडे संसाराचे. साच्याला तूप जास्त झाले तर पाकळ्या नीट उमटत नाहीत. ठशाच्या खाचेत वंगण आणि धूळ साचली तर अक्षर पुसट येते किंवा येतच नाही. इथेच तिसऱ्या वर्गाचे गिऱ्हाईक हमखास गोंधळते, कारण झिजलेल्या नाण्यावरही अक्षर नसते. मग ओळखायचे कसे? शेजाऱ्यांवरून. वंगणाने गेलेले अक्षर एकटे जाते. त्याच्या शेजारची अक्षरे टोकदार आणि ताजी असतात. झीज तशी भेदभाव करत नाही. ती आधी जे जे उंच आहे त्याला गाठते, सिंहाचे नाक, आयाळ, काठ, आणि मग सगळ्यांना सारखेच खाली आणते. समाजवादाचा इतका शांत प्रयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

दुहेरी अक्षरांचा प्रकार आणखी नाजूक. ठसा घडवतानाच त्याच्यावर अक्षर दोनदा उमटले, तर त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर तेच जोडअक्षर येते. दोन्ही प्रतिमा गोलसर आणि उंच, अक्षर जाड झालेले, टोकांना बारीक खाच. ही खरी चूक. पण ठोका बसल्यावर ठसा किंचित हलला तर अक्षराची बाजू चेपून सपाट पायरी पडते, आणि अक्षर जाड होण्याऐवजी बारीक होते. हे यंत्राचे नित्याचे थरथरणे; त्याला कोणी विचारत नाही. दुहेरीचा एक तिसराही प्रकार आहे. त्यात ठसा एक असतो, अक्षर एक असते, आणि चाळिशीचा चष्मा घरी राहिलेला असतो.

राहता राहिला ठोका. चकती नीट मधे बसली नाही तर अर्धी छाप चकतीवर आणि अर्धी हवेत. पण ठोक्याच्या चुकांची राणी म्हणजे, नाणेबाजारात जिला 'लाखी' म्हणतात ती. आधीचे नाणे ठशालाच चिकटून राहते आणि पुढच्या चकतीवर ठशाऐवजी त्या नाण्याचा ठोका बसतो. मग एका बाजूला सिंह सरळ आणि उठलेले, तर दुसऱ्या बाजूला तेच सिंह उलटे आणि खोल, आरशात पाहिल्यासारखे. नाव लाखी असल्याने लाखांची आशा लागते आणि आशा लागली की वाइस लागतो. म्हणजे दोन नाणी एकावर एक ठेवून वाइसमध्ये आवळायची. उलटी अक्षरे उमटतात खरी. पण त्यांच्याखाली मूळची अक्षरे चेपलेल्या अवस्थेत कण्हत असतात. खऱ्या लाखीत तसे अवशेष नसतात, कारण ठोका बसला तेव्हा चकती कोरी होती. "कोऱ्या पाटीवर लिहिलेलं आणि पुसून लिहिलेलं," काका म्हणाले, "यात फरक राहतोच."

या विद्येचे घरावर परिणाम झाले. मी भिंग घेऊन बसलो की दूधवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांचे सुटे पैसे अडकून पडू लागले. एकदा सौ.ने माझ्या हातातले भिंग काढून घेतले आणि माझ्याच डोक्यावर धरले. "हे केस गेलेत तो घसारा," ती म्हणाली. "घोरणं मात्र टांकसाळीतलं." असे म्हणताना तिने आईकडे पाहिले नव्हते. पण आईने तिच्याकडे पाहिले, आणि तेही भिंगाशिवाय.

हा सगळा रिकामपणाचा उद्योग होता, असे मीही म्हटले असते. पण एका गुरुवारी भाजीवाल्या मावशी खिडकीशी आल्या.

आमच्या बँकेच्या कोपऱ्यावर त्यांची हातगाडी असते. दर गुरुवारी त्या शंभर-शंभर नाण्यांच्या पिशव्या आणतात, आणि त्या पिशव्यांत खरोखर शंभर नाणी असतात. त्या दिवशी मात्र पिशव्यांबरोबर पैसे काढायची स्लिप होती. साडेआठ हजार. खात्यात होते अकरा हजार तीनशे, आणि ते नातीच्या नर्सिंगच्या फीचे, हे मला माहीत होते. कारण प्रत्येक भरण्याच्या वेळी त्या तसे मला सांगत असत.

मी स्लिप पाहत होतो तेवढ्यात त्यांनी खिडकीत वाकून हळूच विचारले, "दादा, पाच लाख आलं तर ह्या पासबुकात मावत्याल का?"

मी पेन खाली ठेवले.

हळूहळू सगळे बाहेर आले. पदराच्या गाठीतून त्यांनी एक नाणे काढले. दोन रुपयांचे, १९९० च्या दशकातले, अकरा कोपऱ्यांचे. म्हणजे मुळात अकरा कोपऱ्यांचे. आता ते जवळजवळ गोल झाले होते. एका बाजूला भारताचा नकाशा असायचा, तिथे नुसता एक ढग उरला होता. राष्ट्रीय एकात्मता अगदी पुसट झाली होती. मी त्या नाण्यावरच्या अक्षरांबद्दल बोलतो आहे. नातवाने मोबाइलवर कुणाला तरी याचा फोटो पाठवला. 'गोल दोन रुपये, नकाशा नाही, टांकसाळीची दुर्मिळ चूक, पाच लाख,' असे उत्तर आले. मागोमाग शिक्क्याचे एक प्रमाणपत्रही आले. आता फक्त नोंदणीचे साडेआठ हजार आधी भरायचे होते.

"आणि बँकेत सांगू नका म्हनला त्यो," मावशी म्हणाल्या. "बँकवालं सोताच नाणं ठिवून घेत्यात म्हनं."

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केले आहे की, जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा खरेदी-विक्रीत ती पडत नाही, त्यासाठी शुल्क घेत नाही, आणि आपल्या वतीने ते घ्यायला तिने कोणालाही नेमलेले नाही. मी हे सांगितले. मावशींनी ऐकून घेतले आणि स्लिप पुढे सरकवली. "तुमी असंच बोलनार, ह्ये बी त्यो म्हनलाच हुता."

लबाडाने माझे उत्तर माझ्याआधीच खर्ची टाकून ठेवले होते. मागे रांगेत एक गृहस्थ घड्याळ पाहून खोकले. पैसे त्यांचे, खाते त्यांचे, सही त्यांची. मी अडवणार कसा? आणि वंगण, ठसा, ठोका यांतले काय त्यांना पटणार? तेवढ्यात त्यांच्या पिशवीच्या तोंडाशी एक वांगे दिसले.

"मावशी," मी म्हणालो, "वांगं झाडावरच वाकडं वाढलंय की पोत्यात दबून वाकडं झालंय, हे तुम्हाला कळतं?"

"न कळाय काय झालं?" मावशींनी माझ्याकडे दयेने पाहिले. "झाडावर वाकडं वाढल्यालं वाकडं असून बी घट्ट असतंय. साल ताठ, देठ ताजा. पोत्यात दबल्यालं मऊ पडतंय, चमक जाती. आंधळ्याला बी कळंल."

"मग हे नाणं बघा. झाडावरचं की पोत्यातलं?"

मी त्यांना भिंग दिले आणि त्यांच्याच पिशवीतली दोन रुपयांची जुनी अकरा कोपऱ्यांची नाणी शोधून खिडकीच्या फळीवर ओळीने मांडली. सात-आठ निघाली. पहिल्याचे कोपरे बोटाला टोचत होते आणि नकाशा स्वच्छ होता. दुसऱ्याचे कोपरे जरा बोथट. तिसऱ्याच्या सिंहांची नाके गेलेली. पाचव्यावर नकाशाची नुसती सीमा. सातव्याचा कोपरा शोधावा लागत होता. आठव्या जागी मी त्यांचे पाच लाखांचे नाणे ठेवले.

मावशींनी भिंग न लावता एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिले. मग भिंग लावून पाहिले. मग बोटाने एकेका नाण्याचे कोपरे चाचपले. रांगेतले खोकणारे गृहस्थही वाकून पाहू लागले.

"ही तर समदी एकाच घरातली हाईत," मावशी हळूच म्हणाल्या. "ह्यो नुसता म्हातारा झालाय."

एवढ्यात हेडकॅशियर उठून आले. आता 'बँक पगार देत नाही' हे वाक्य ऐकायला मिळणार, म्हणून मी तयारीत होतो. पण त्यांनी फळीवरची ओळ पाहिली, स्लिपवरचा आकडा पाहिला, आणि काही न बोलता शेजारची खिडकी उघडून माझी रांग तिकडे वळवली. नंतर त्या नातवाला बोलावून घेऊन, सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरावर तक्रार करायलाही त्यांनीच लावले.

मावशींनी स्लिप परत मागून घेतली. फाडली नाही, पाठकोरी होती, उधारीच्या हिशेबाला उपयोगी पडणार होती. मग त्या आठव्या नाण्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ह्ये बी जमा करून टाका, दादा."

ते नाणे मी हातात घेतले. त्याचे अकरा कोपरे कोणी कानशीने घालवले नव्हते. ते भाजीत गेले, बसच्या तिकिटात गेले, मुलांच्या पेन्सिलीत आणि देवापुढच्या ताटात गेले. हजारो मुठींतून फिरताना प्रत्येकीने कणभर नेले. पुस्तपालनाच्या नियमाने तीस वर्षे राबलेल्या वस्तूची किंमत शून्याच्या आसपास आणून ठेवतात. नाण्याला तो नियम नाही. कायद्याने ठरवलेल्या वजनाखाली जाईपर्यंत ते कितीही झिजो, नाक जावो, नकाशा जावो, दोन रुपये म्हणजे दोन रुपये. सबंध जमाखर्चात ज्याचा घसारा धरत नाहीत अशी ही वस्तू माझ्या हाताखालून रोज जाते आणि मी तिच्याकडे कधी या नजरेने पाहिले नव्हते. मी ते नाणे दोनच्या खान्यात टाकले आणि पासबुकात नोंद केली. शिल्लक अकरा हजार तीनशे, अधिक त्या दिवशीचा भरणा, अधिक दोन.

यानंतर तीनेक महिन्यांनी मावशी एक रुपयाचे एक नाणे घेऊन आल्या. "दादा, ह्ये वांगं झाडावरचं हाय का बघा." कडेला चंद्रकोरीएवढा घास होता. मी सवयीने समोरची कड पाहिली. ती फिकी होती. अगदी व्हायला हवी तशी फिकी. येत्या रविवारी मी त्यांना घेऊन फिटरकाकांकडे गेलो. काकांनी भिंग लावले, नाणे फिरवले, मखमलीवर ठेवले आणि म्हणाले, "खरं आहे. तीनशे देतो."

मावशींनी नाणे झटकन उचलून मुठीत घेतले. पाच लाखांवर ज्यांनी विश्वास ठेवला होता, त्यांना या तीनशेंचा मात्र दाट संशय आला. "एका रुपयाला तीनशे?" त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या. "ह्यात कायतरी गोम हाय, दादा. मानूस बरा दिसत न्हाई." काकांनी साडेतीनशे केले तेव्हा तर त्यांची खात्रीच पटली.

ते नाणे अजून त्यांच्या हातगाडीच्या गल्ल्यात आहे. कोणी गिऱ्हाईक वाकडी वांगी बाजूला काढू लागले की मावशी ते बाहेर काढतात आणि त्याच्या नाकासमोर धरतात. "सरकारचा रुपाया बी कवा कवा असा निघतो, ताई. टाकून देत्यात का त्यो?" गिऱ्हाईक नाण्याकडे पाहते, वांग्याकडे पाहते, आणि अर्धा किलोच्या ऐवजी पाऊण किलो घेऊन जाते. तीनशे रुपये केव्हाच वसूल झाले असतील.